लाल दोऱ्याचे टब

त्या घरात एक मास्तर आहेत आणि एक बाई आहेत, फक्त शाळा तेवढी नाही, असं गल्लीतले लोक गमतीने म्हणायचे. मास्तर म्हणजे शिंपी. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. कोट, शाळेचे गणवेश आणि लोकांच्या बिघडलेल्या चेनी यांतच त्यांचं आयुष्य गेलं होतं. बाई मात्र खरोखरच्या बाई. शेतीच्या संशोधन संस्थेत त्या मातीतल्या जिवांवर काम करायच्या, आणि गेली कित्येक वर्षं फक्त गांडुळांवर. आम्ही दोघंही मापंच घेतो, असं त्या सांगायच्या, माझी गिऱ्हाइकं निदान ट्रायलला येऊन कुरकुर करत नाहीत.

बाईंच्या पोटातल्या दुखण्याचं निदान झालं तेव्हा त्यांचा एक प्रयोग नुकताच सुरू झाला होता. तण मारायला शेतात एक औषध सर्रास फवारलं जायचं. त्याने गांडुळं मरत नाहीत असं बाटलीवर छापलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बाईंचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. मरत नाहीत हे ठीक, पण वाढतात का? त्यांना पिल्लं होतात का? पिल्लांची वाढ पुरी होते का? याचं उत्तर आठवड्याभरात मिळत नाही, महिनोन्‌महिने टब सांभाळावे लागतात. आणि बाईंना तर दोन जिने चढून प्रयोगशाळेत जाणंही होईना.

तेव्हा त्यांनी टबच घरी आणायचं ठरवलं. विभागप्रमुखांनी आधी नाक मुरडलं, मग त्यांच्या तब्येतीकडे पाहून होकार दिला. मागची खोली थंड होती, तिथे ऊन येत नसे. मास्तरांचं कापड बेतायचं टेबल तिथे होतं. ते त्यांनी एका सकाळी दोघा शेजाऱ्यांच्या मदतीने पुढच्या खोलीत ओढलं, आणि त्या जागी फळ्यांवर बारा टब ओळीने बसले. माती संस्थेतूनच कालवून आली होती. चार टबांत साधी माती, चार टबांत बाटलीवर लिहिलेल्या मात्रेइतकं औषध, आणि चारांत दुप्पट, कारण हाताने फवारताना माणूस एकाच जागी दोनदा फिरतो. ओळखू यावेत म्हणून मास्तरांनी कडांना दोरे बांधून दिले. साध्यांना पांढरा, मात्रेच्या टबांना पिवळा, दुपटीच्या टबांना लाल. साध्या मातीचं एक मोठं पोतं जास्तीचं आलं होतं, ते दाराआड उभं राहिलं.

दर शनिवारी बाईंची विद्यार्थिनी यायची. तिचं नाव बाईंनी धांदल ठेवलं होतं, आणि ते तिला शोभायचं. आली की छत्री पाडायची, चपलांना अडखळायची, पाण्याचा पेला कलंडवायची. गांडूळ हातात घेतलं की मात्र तिचा हात असा थांबायचा की मास्तरांनाही कौतुक वाटायचं. ह्याच प्रयोगावर तिची पदवी अवलंबून होती. ती आणि बाई मिळून टब उपसायच्या, गांडुळं धुऊन कागदावर टिपायच्या आणि इवल्याशा काट्यावर तोलायच्या. मग माती चाळून कोष शोधायच्या. गांडुळाची अंडी असतात ते कोष, लिंबाच्या आकाराचे, पण मोहरीहून थोडेसेच मोठे.

हे कोष शोधणं बाईंच्या डोळ्यांना झेपेना, तेव्हा मास्तर पुढे सरसावले. सुईत दोरा ओवणारी बोटं ती. ओल्या मातीतून कोष असा अलगद उचलायचे की धांदल बघत राहायची. मास्तरांना सुरुवातीला गांडुळाची किळस यायची, ती महिन्याभरात गेली. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला एक जाडसर पट्टा येतो. मास्तर त्याला कॉलर म्हणायचे. "ह्याची कॉलर बसली," असं ते सांगायचे, आणि बाई हसून धांदलला म्हणायच्या, लिही, एक प्रौढ.

हळूहळू जे दिसायचं ते दिसू लागलं. पांढऱ्या दोऱ्याच्या टबांत गांडुळं गलेलठ्ठ, कोष भरपूर. पिवळ्यांत गांडुळं धडधाकट, पण कोष जेमतेम निम्मे. लाल दोऱ्याच्या टबांत मेलेलं असं एकही नव्हतं, पण दर वेळी काटा थोडा खालीच यायचा. कोष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जी थोडी पिल्लं निघाली ती दोऱ्यासारखी बारीक राहिली, त्यांना कॉलर बसेना.

"मरत तर नाहीत ना," मास्तर एकदा म्हणाले.

"मेलं नाही म्हणजे बरं आहे, असं नसतं हो," बाई म्हणाल्या.

त्या दिवसांत बाईही उतरत चालल्या होत्या. औषधं कडक होती, अन्नावर वासना नव्हती. आणि इथे मास्तरांनी एक गोष्ट केली होती. बाईंचे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. त्या झोपल्या की ते एकेक सदरा मशीनवर घ्यायचे आणि बाजूच्या शिवणी थोड्या आत घालायचे, म्हणजे सकाळी अंगात घालताना तो सैल लागू नये. आरशात बघितलं की बाईंना वाटावं, काल होते तेवढीच आहे. आणि वजनाच्या काट्यावरचा आकडा बाईंच्या डोळ्यांना दिसायचाच नाही. दवाखान्यात वजन झालं की तो आकडा मास्तरांच्या कानात जायचा, आणि बाईंपर्यंत येताना दोन-तीन किलोंनी वाढून यायचा.

एका दुपारी बाईंनी सदरा उलटा करून घडी घालायला घेतला आणि त्यांचं बोट शिवणीवर थांबलं. आतल्या बाजूला चांगलं चार बोटं कापड दुमडलेलं होतं.

"अहो, ही शिवण नवी आहे."

मास्तरांनी सदरा घ्यायला हात पुढे केला. बाईंनी तो दिला नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

मास्तर म्हणाले की कापड कापलेलं नाही, सगळी माया आत तशीच ठेवली आहे, बरी झालीस की उसवायची आणि पहिल्यासारखं करायचं. शिवणीत जादा सोडलेल्या कापडाला शिंपी मायाच म्हणतात. एरवी ह्या शब्दावर बाईंनी काहीतरी चेष्टा केली असती. त्या दिवशी केली नाही.

"मी जन्मभर मापं घेतली," त्या म्हणाल्या. "मला माझंच माप खोटं सांगू नका. दुःख झालं तर मला होईल, पण ते माझं असू द्या."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मास्तरांना तो फार लागला. त्यानंतर दर आठवड्याला बाई टेप मागून घ्यायच्या, हात वर करून उभ्या राहायच्या, आणि मास्तरांना छातीचं, कमरेचं माप मोठ्याने म्हणायला लावायच्या. मास्तर आयुष्यभर आरामात मापं सांगत आले होते. ही मापं म्हणण्याआधी ते टेप पुन्हा एकदा लावून बघायचे.

अंथरुणाला खिळण्याआधी बाईंनी त्यांना टबांचं सगळं नीट समजावून दिलं. पाणी किती शिंपडायचं, वाळलेलं शेण कधी घालायचं, काय करायचं नाही. शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. कुठल्याही टबात काहीही होवो, त्याला मदत करायची नाही. मास्तर हो म्हणाले. ते तेव्हा कशालाही हो म्हणाले असते.

बाई वारल्या त्या दवाखान्यातच, एका सकाळी, साध्या कामाच्या दिवशी. मास्तर औषधाच्या दुकानापर्यंत गेले होते, परत आले तर परिचारिका दारात उभी होती.

लोक येऊन गेले. धांदल रोज येऊन बसायची. प्रयोगाचे अजून दोन-अडीच महिने बाकी होते. टब संस्थेत हलवू का, असं तिने चाचरत विचारलं, तर मास्तर म्हणाले, राहू देत, मला तेवढंच काम. तिलाही ते बरं वाटलं. हलवाहलवीत गांडुळांवर ताण येतो, आणि मास्तरांच्या हातासारखा हात संस्थेत कुणाचा नव्हता.

मास्तर सकाळी उठून आधी टबांना पाणी शिंपडायचे. पुढच्या खोलीत गणवेशांचा ढीग पडलेला असायचा, त्याकडे वळायला त्यांना दुपार व्हायची. पांढऱ्या टबांत बोट घातलं की माती भुसभुशीत, जिवंत लागायची. लाल टबांत माती चिकट, थिजल्यासारखी व्हायला लागली होती. आणि एके दिवशी तिथली तीन-चार गांडुळं वर येऊन पडलेली दिसली. गांडूळ उजेडात असं पडून राहत नाही, ते लगेच आत जातं. ही गेली नाहीत. मास्तरांनी एकाला बोट लावलं, तर त्याने अंग थोडं ओढून घेतलं आणि पुन्हा सैल सोडलं. ते इतकं बारीक झालं होतं की आतली काळी माती कातडीतून दिसत होती.

मास्तरांनी दोन दिवस त्या टबांकडे पाहायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी जेवण पानात तसंच ठेवून ते उठले. दाराआडचं पोतं त्यांनी ओढून आणलं. लाल दोऱ्याचे चारही टब एकेक करून उपसले, प्रत्येक गांडूळ आणि प्रत्येक पिल्लू निवडून ओल्या फडक्यावर ठेवलं. जुनी माती घरातल्या लहान पोत्यांत भरली, टब धुतले, साधी माती घातली, त्यात शेण कालवलं, आणि गांडुळांना ज्याच्या त्याच्या टबात परत सोडलं. ती हळूहळू आत शिरताना ते बघत बसले. बाई गेल्यापासून त्या रात्री त्यांना पहिल्यांदा नीट झोप लागली.

माती दिसायला तीच होती. धांदलला काही कळायचं कारण नव्हतं.

दोन शनिवार गेले आणि लाल टबांचा काटा वर सरकला. आणखी काही आठवड्यांनी कोष दिसू लागले. धांदलने तोलून पाहिलं, पुन्हा तोललं, काटा बिघडला का म्हणून दुसरा आणला. मास्तर शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना आतून आनंद होत होता आणि तो लपवताना ते उगाच फडकी धूत होते.

विभागप्रमुख आता धांदलचे मार्गदर्शक झाले होते. त्यांनी आकडे पाहून सांगितलं की यात नवल काही नाही. गांडुळांवर परिणाम होतो तो तात्पुरता, काळाने भरून निघतो, तसंच लिहा. पुढच्या महिन्यात शेतीखात्याच्या लोकांपुढे तो अहवाल वाचायचा होता. हे सांगताना धांदलचा चेहरा उजळला होता.

"बाईंना उगाच धास्ती होती, काका," ती म्हणाली. "दुपटीतही सावरतात. हे बघून त्यांना बरं वाटलं असतं."

मास्तरांनी मान हलवली. ती गेल्यावर ते बराच वेळ मशीनसमोर बसले, पण पाय पायडलवर ठेवला नाही. आपण चार टबांतली माती बदलली एवढंच त्यांना वाटत होतं. आता बाईंचं म्हणणंच उलटं होऊन लोकांपुढे वाचलं जाणार होतं, आणि तेही बाईंच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या मातीचं एक पोतं खांद्यावर घेतलं आणि बस धरली. संस्थेच्या फाटकापर्यंत ते शेकडो वेळा आले होते, बाईंना न्यायला. आत कधी गेले नव्हते. पहारेकऱ्याने ओळखलं, पोत्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. दोन जिने चढताना त्यांना तीनदा थांबावं लागलं.

धांदल काचेच्या नळ्या विसळत होती. मास्तरांनी पोतं तिच्या पायाशी ठेवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला. पोत्याचं तोंड सोडून तिने चिमूटभर माती बोटांत चुरून पाहिली. मग कुठल्या आठवड्यात बदलली, चारही टबांची का, पिल्लंही हलवली का, असं एकेक विचारत गेली, आणि मास्तर खरं ते सांगत गेले.

"पिवळ्यांची माती बदललीत?"

"नाही."

"त्यांची का नाही?"

"ती बरी दिसत होती."

धांदलने स्टूल ओढलं आणि बसली. "ती बरी नव्हती, काका. नुसती दिसत होती."

तिने पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं आणि म्हणाली, "मला विचारायचं होतंत. एक फोन करायचा होता. बाई असत्या तर..." आणि थांबली.

"ती असती तर मी हात लावला नसता," मास्तर म्हणाले. "ती गेल्यावर मला ते बघवेना."

ती रडली नाही, रागावलीही नाही, निदान वरून तरी. त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला आली, बस येईपर्यंत थांबली. पण नेहमीसारखी शनिवारी येते असं म्हणाली नाही.

लाल टब बाद होणारच होते. धांदलने पांढऱ्या आणि पिवळ्या टबांसाठी विभागप्रमुखांशी बरीच हुज्जत घातली. ते म्हणाले, ज्या हाताने चार टब बदलले तोच हात बाकीच्या आठांत रोज होता, आता कशाची खात्री द्यायची? त्यांचं चुकीचं नव्हतं. सगळा प्रयोग रद्द झाला. अहवाल वाचला गेला नाही, तेवढं एक टळलं. धांदलला नवी माती, नवी गांडुळं घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, संस्थेतल्या खोलीत, कुलपाआड. तिची पदवी लांबली. बाईंचं शेवटचं काम म्हणून कुठे काही छापून आलं नाही.

रद्द झालेले टब कुणाला नको होते, ते मास्तरांकडेच राहिले. पांढऱ्या टबांतली गांडुळं त्यांनी मागच्या अंगणात सोडली. मग पिवळ्यांनाही त्या पांढऱ्यांतलीच साधी माती घातली, आता त्याला कुणाची मनाई नव्हती. लाल टबांची ते रोज निगा राखायचे. आधी त्यांना वाटलं, निदान ही तरी वाचली. गांडुळं खरंच जाड झाली होती, कोष घालत होती. मास्तरांनी ते कोष ओल्या फडक्यावर मांडले आणि वाट पाहिली. पांढऱ्या टबातले कोष ठरल्या वेळी लालसर होऊन फुटायचे, हे त्यांनी पाहिलेलं होतं. ह्यांतले बरेचसे तसेच पिवळट राहिले आणि सुकले. जी पिल्लं निघाली ती काही दिवस वळवळली. एकालाही कॉलर बसली नाही. मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही, सांगायला कुणी नव्हतंच. हिवाळा संपेपर्यंत त्या चार टबांत नुसती माती उरली.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी धांदल आली. केस कापले होते, दमलेली दिसत होती. दारातली छत्री तिने पाडलीच. नवा प्रयोग पुरा झाल्याचं तिने सांगितलं. बाईंना वाटत होतं तेच निघालं होतं, पिवळ्यांतही आणि लालमध्येही. तिच्या नव्या टबांना दोरे नव्हते, नुसते क्रमांक होते, तरी ती बोलताना रंगच म्हणत होती.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनीही आपल्याकडच्या गांडुळांचं काय झालं ते सांगितलं. साधी माती घातल्यावरही कोष कसे फुटले नाहीत, पिल्लं कशी राहिली नाहीत. धांदल पुढे झुकून ऐकत होती. हे कुठे लिहिता येणार नाही, ती म्हणाली, याला पुरावा म्हणत नाहीत. पण तिने प्रत्येक टबाचं वेगळं विचारलं, आणि मास्तरांना सगळं आठवत होतं.

बोलणं संपल्यावर मास्तर म्हणाले, "एक विचारू? त्यांना त्रास होत असेल का गं?"

धांदल म्हणाली, "ते आम्ही मोजत नाही, काका. वजन मोजतो, कोष मोजतो."

"हं," मास्तर म्हणाले. मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तिलाही मी कधी विचारलं नाही. फार दुखतंय का, एवढं सुद्धा. भीती वाटायची, ती खरं सांगेल."

धांदलने त्यांच्या हातावर हात ठेवला. ती दुपारपर्यंत बसली.

ती गेल्यावर एक गिऱ्हाईक आलं, पॅन्टची चेन बदलून हवी होती, उभ्याउभ्या होईल का म्हणून विचारत होतं. मास्तरांनी पॅन्ट ठेवून घेतली आणि उद्या या म्हणाले. त्या दिवशी त्यांना सुईत दोरा ओवता आला नसता.